काचेतलं भोक

विद्यापीठातल्या शिष्यवृत्तीच्या खिडकीला काच आहे आणि काचेत कमरेच्या उंचीवर एक भोक. बोलायचं तर वाकावंच लागतं. भाचीसोबत मी रांगेत उभी होते. पुढची मुलगी वाकून काहीतरी कुजबुजली. आतल्या बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आई-वडिलांचा घटस्फोट झालाय ना? मग कोर्टाचा कागद आण."

'विद्यार्थ्यांची माहिती गोपनीय राहील' ही पाटी काचेवर बाहेरच्या बाजूने लावलेली. आतून ती वाचता येत नसावी. रांगेने मोबाइलमध्ये डोकी खुपसली. तेवढाच आडोसा आम्हाला देता येत होता. पण कान कुठे लपवणार?

वडील व्यसनमुक्ती केंद्रात आहेत, एवढं एक वाक्य भाची घरून पाठ करून आली होती. ती वाकली, हळूच बोलली.

"मोठ्याने बोल गं," बाई म्हणाल्या, "इथे काही ऐकू येत नाही."