खांड गेली की पाडली?

गेल्या आठवड्यात पेणला गेले होते, एका धड्याचा निकाल लावायला... आणि शिकून मीच आले.

आधी थोडं मागचं सांगते. मी रोह्याची, शाळेत इतिहास शिकवते. आपल्या भागातल्या पाचवीच्या मुलांसाठी स्थानिक इतिहासाचे पूरक धडे लिहायचं काम आम्हा काही शिक्षकांकडे आलंय.

पेणच्या खाडीकाठच्या एका शाळेतून ज्योत्स्ना मॅडमनी धडा पाठवला, 'मोठी खांड'. आम्ही आतल्या गावांतली, भात आणि वाल पिकवणारी माणसं. मला वाटलं साखरेचं काहीतरी असेल. न वाचताच धडा 'सण आणि पदार्थ' या भागात टाकून मोकळी झाले!

मॅडम फोनवर इतक्या हसल्या की त्यांना बोलता येईना. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध उधाणात फुटतो, त्या भगदाडाला तिकडे खांड म्हणतात, आणि बांध फुटला की 'खांड गेली'. खारं पाणी आत आलं की ते शेत कित्येक वर्षं हातचं जातं... हे मला तेव्हा कळलं.

धडा वाचला आणि आवडला. पण भानगड अशी, की ही मोठी खांड म्हणजे तिथल्या दोन पाड्यांमधलं जुनं दुखणं. एका जागी बांध फुटला की बाकीच्या बांधावरचा पाण्याचा जोर उतरतो. त्या उधाणात वरच्या पाड्याची शेती बुडाली, खालच्या पाड्याची वाचली... आणि दोन्हीकडची मुलं एकाच वर्गात बसतात.

आमच्या गटाचे प्रमुख साहेब म्हणाले, "नुसतं 'बांध फुटला' असं लिहा आणि विषय संपवा." मॅडम ऐकेनात. शेवटी ठरलं, साहेबांसमोर वर्गात धडा घ्यायचा. मुलांत भांडण झालं तर धडा रद्द. मॅडमची अख्खी उन्हाळी सुट्टी त्या धड्यात गेली होती.

पेणच्या रामवाडी स्टँडवर एसटीतून उतरले, मॅडम स्कूटीवर न्यायला आल्या. वाटभर आंब्याच्या लोणच्याबद्दल बोलत होत्या... बाईंना टेन्शन कसं ते नाही.

मुलांनी घरी विचारून यायचं होतं, मोठ्या खांडीचं काय झालं? खालच्या पाड्याची श्रावणी उठून म्हणाली, "उधाण मोठं व्हतं, खांड गेली." ती बसते न बसते तोच वरच्या पाड्याची मानसी ताडकन उभी. "गेली नाय मॅडम, पाडली. यांच्याच लोकांनी, सोताचं शेत वाचवायला."

झालं. वर्गात एकच कालवा... साहेबांनी माझ्याकडे बघून फाईल मिटली. मी मनातल्या मनात त्या धड्याला नमस्कार केला.

मॅडमनी कुणालाच गप्प केलं नाही. फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहिली, एकाखाली एक, आणि फक्त शेवटच्या शब्दांखाली रेघ मारली. गेली. पाडली. मुलं आपोआप थांबली.

मग त्यांनी बांधाचं चित्र काढलं आणि एवढंच विचारलं, की हे सांगणारी माणसं त्या दिवशी कुठे उभी होती? कुणाला काय दिसलं असेल? मुलं येऊन खडूने माणसं काढायला लागली... ज्याचं शेत बुडालं तो इथे, ज्याचं वाचलं तो तिथे. पाचवीची मुलं एका क्रियापदावरून पुरावा तपासत होती आणि मी मागच्या बाकावर थक्क होऊन बसले होते.

"मग खरं काय?" मानसीने विचारलं. मॅडम म्हणाल्या, मला नाही माहीत. मी तिथे नव्हते. श्रावणीची आजी होती... शाळेच्या मागेच राहते. मधल्या सुट्टीत दोघी मिळून विचारून या.

खिचडी झाली, साहेबांचा चहा झाला. साहेब घड्याळ बघत होते, पण निघत नव्हते. दोघी आल्या त्या गुपचूप, धावत नाही. मला वाटलं आजी रागावली असणार.

मानसी फळ्याशी गेली आणि आजीचं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "पाडली नाय गो. गेलीच ती. पन तुमची हाक आमाला आयकू आली व्हती... आमी आलो नाय."

तिकडे खांड गेल्याची हाक आली की ज्याला ऐकू येईल त्याने फावडं-घमेलं घेऊन निघायचं, भांडण असो नसो, हा रिवाज. त्यामुळे त्या वाक्याचा अर्थ वर्गातल्या प्रत्येक पोराला कळला. श्रावणी खाली बघत होती. मानसी जागेवर परतताना तिच्या शेजारी जाऊन बसली.

साहेबांनी फाईल उघडली. "मॅडम, हे तिसरं वाक्यपण धड्यात घ्या," एवढंच म्हणाले. माझे डोळे भरून आले होते, ते मी चष्मा पुसण्यात लपवले.

इतकी वर्षं मी मुलांना सनावळ्या पाठ करायला लावतेय... आणि या बाईने एका तासात इतिहास म्हणजे काय ते दाखवलं. ज्योत्स्ना मॅडम, तुमच्यासारखी शिक्षिका आमच्या गटात आहे हे आमचं भाग्य.

घरी आल्यावर एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. आमच्याकडे कायम सांगतात, थोरले काका वेगळे निघाले. निघाले... की काढले?

काकांची मुलगी धाटावला राहते, दोन्ही घरांचं बोलणं तेव्हापासून बंद. काल तिला फोन केला. म्हटलं ताई, तुमच्याकडे हे कसं सांगतात?

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "येळ हाय ना गो तुला? मग सांगते."