काट्यावरच्या पडद्याची कुवत

मी गेवराईजवळच्या एका सहकारी कापूस जिनिंगमध्ये संगणकाचं काम बघते. विभाग म्हणतात त्याला, पण विभाग म्हणजे मी एकटीच. हंगामाआधी करायच्या कामांची यादी मी श्रावणातच काढते: वायर तपासणे, प्रिंटरची रिबन, जनरेटरचं डिझेल, काट्याचं प्रमाणपत्र. एकेक काम झालं की त्यावर रेघ मारते. त्या वर्षी यादीतल्या सगळ्या कामांवर रेघा पडल्या होत्या. जे बिघडलं ते यादीत नव्हतंच.

आमच्या वजनकाट्यावरचा प्रोग्रॅम मी सी भाषेत लिहिला आहे. त्याला बरीच वर्षं झाली. त्यात चित्रं नाहीत, माउस नाही, नुसती अक्षरं. पडद्यावर उभ्या गाड्यांची यादी दिसते. बाणाची कळ दाबत हव्या त्या गाडीवर जायचं, एंटर मारायचं, की काट्यावरचं वजन त्या गाडीपुढे बसतं. आपण कोणत्या गाडीवर आहोत हे कळावं म्हणून त्या ओळीवर आडवी पट्टी येते. अक्षराचा रंग पाठीला आणि पाठीचा अक्षराला, एवढंच.

ही पट्टी प्रोग्रॅम स्वतःच्या मनाने काढत नाही. पडदे नाना तऱ्हेचे असतात, प्रत्येकाची भाषा थोडी वेगळी. म्हणून सीची एक लायब्ररी असते, तिला विचारायचं. प्रोग्रॅम सुरू झाला की आधी पडद्याचं नाव सांगतो. लायब्ररी त्या नावाचं वर्णन उघडते. मग एकेक विचारायचं: पडदा पुसायचा तर काय पाठवू? अमुक ओळीवर जायचं तर काय पाठवू? पट्टी काढता येते का, येत असेल तर कशी? येत असेल तर लायब्ररी खुणेची अक्षरं देते, नसेल तर शून्य. शून्य आलं की प्रोग्रॅमने ती गोष्ट सोडून पुढे जायचं, ही सगळीकडचीच रीत आहे. यात एक मेख आहे. लायब्ररी प्रत्यक्ष पडद्याला काही विचारत नाही. त्याच्या नावावर काय लिहिलंय तेवढंच वाचून सांगते.

काट्यावर अण्णा बसायचे. जिनिंगची भिंत बांधली तेव्हापासूनचा माणूस. शुगरने त्यांची नजर अधू केली होती. बारीक अक्षर दिसायचं नाही, पण काळ्या पडद्यावर उजळ पट्टी आली की गाडी बरोबर ओळखायचे. ट्रॅक्टरवाले बाहेरून ओरडायचे, "अण्णा, दिसतंय ना?" अण्णा आतून ओरडायचे, "तुझा माल वला हाय ते हितनं दिसतंय, भाड्या!" ओला कापूस त्यांना हात लावूनच कळायचा, पण दरारा ठेवायला असं म्हणायचे.

संचालक मंडळाला ते खुपत होतं. चेअरमनचा भाचा बीकॉम होऊन घरी बसला होता. मॅनेजर अण्णांचा वर्गमित्र. तो चारचौघांत सांगायचा, "तवर बस बे, जवर दिसतंय तवर. एक चूक झाली की मला धरू नको." अण्णा हसायचे. पण मला एकदा म्हणाले होते, "ताई, घरी बसलो की मी मेलोच समज. मला दुसरं काई येत न्हाई."

दसऱ्याआधी नवे पडदे आले. संभाजीनगरहून एक इंजिनिअर ते बसवायला आला. माझी आई पाटोद्याला अंथरुणाला खिळली होती, म्हणून मी त्याला सगळं फोनवर समजावलं आणि पाटोद्याला गेले. दसऱ्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, सगळं ओके." आईने मला दिवाळी उलटेपर्यंत सोडलं नाही. परत आले तेव्हा काट्यावर भाचा बसला होता.

"अण्णा कुठायत?"

मॅनेजर चहा ढवळत म्हणाला, "गेला घरी. सोताच्या खुशीनं. पहिल्याच दिवशी एकाचं वजन दुसऱ्याच्या गाडीला लावलं. मग पुन्हा. ट्रॅक्टरवाले अंगावर आले, माझा कापूस त्याच्या नावावर कावून घातला म्हणून. म्या इचारलं, आरं तुला दिसतंय का न्हाई बे? तर म्हणला, न्हाई. कायबी दिसंना. तिथंच राजीनाम्यावर सही केली."

शुगरची नजर, आज ना उद्या जाणारच होती. मलाही ते खरं वाटलं.

दोनच दिवसांनी मॅनेजरने बोलावलं. "मॅडम, शिस्टीममदे प्रॉब्लेम हाय. पोरगं चांगलं शिकलेलं, तरी वजनं हिकडची तिकडं व्हायलीत. बगा जरा."

म्हणजे अण्णांची चूक झाली तर नजर गेली, आणि भाच्याची झाली तर सिस्टीम बिघडली. काट्यावर जाऊन भाच्याच्या शेजारी उभी राहिले. पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं, एकाखाली एक गाड्या. त्याने बाण दाबला. काहीच हललं नाही. नीट पाहिलं तेव्हा ओळीच्या टोकाला केसाएवढी एक रेघ लुकलुकत खाली सरकली होती.

"पट्टी कुठाय?" मी विचारलं.

"कोन्ती पट्टी?" भाचा म्हणाला.

त्याला उठवलं आणि बसले. लायब्ररीला जे जे विचारायचं ते एकेक विचारून उत्तरं छापणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पडदा पुसणे, आहे. ओळीवर जाणे, आहे. ठळक अक्षर, आहे. पट्टी, शून्य. हे पटण्यासारखं नव्हतं. आजकालचा कुठलाही पडदा पट्टी काढतो. मी लायब्ररीला बाजूला ठेवून पट्टीची खूण थेट पडद्याला पाठवली, तर लगेच काळीकुळकुळीत पट्टी उमटली. पडद्याला येत होतं. नावावर मात्र येत नाही असं लिहिलेलं. नाव बघितलं, तर नेहमीच्या नावाला शेपूट जोडलेलं. कुणीतरी मूळ वर्णनाची नक्कल करून तिच्यातून एवढी एकच क्षमता खोडली होती आणि तिला नवं नाव देऊन सगळ्या पडद्यांना चिकटवलं होतं.

इंजिनिअरला फोन लावला.

"हो मॅडम, मीच काढली," तो सहज म्हणाला. "तुमचा कोड माझ्याकडे नव्हता ना. मग वर्णनातूनच काढली. दसऱ्याच्या पूजेला सगळे जमले होते. पडदा लावला, पहिल्याच गाडीवर काळी पट्टी. वर्षाच्या मुहूर्ताला लक्ष्मीवर काळं नको म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"ते पूजेला बसले होते ते. वयस्कर. चष्म्याचे."

पूजेला दरवर्षी अण्णाच बसायचे. सगळ्यांत जुने म्हणून मान त्यांचा. जुन्या काळ्या पडद्यावर जी पट्टी उजळ दिसायची तीच पांढऱ्यावर काळी होणार, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर कळलं असतं. सांगायला मी नव्हते, आणि इंजिनिअरला विचारायची गरज वाटली नाही. ज्या पट्टीवर त्यांची खुर्ची टिकली होती ती त्यांनी स्वतःच अशुभ म्हणून काढायला लावली. मग ती दिसेना, तेव्हा डोळे गेले असं धरून सही केली.

मी नाव बदलून मूळ वर्णन जोडलं. पट्टी आली. भाच्याच्या चुका त्या दुपारपासून थांबल्या. मॅनेजर खूष. मी म्हटलं, "आता अण्णांना बोलवा. त्यांच्या डोळ्यांचा यात दोष नव्हता."

"मॅडम, सही झाली, ठराव झाला. आता चेरमनला काय सांगू? पट्टी नव्हती म्हणून माणूस काढला? हसतील लोकं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "अन् भाच्याला उठवायचं कुणी? तुमी उठवता?"

मी चेअरमनना द्यायला अर्ज लिहिला. मुद्दे क्रमाने: काय बदललं, केव्हा बदललं, दोघांच्याही हातून चुका कशा झाल्या, दुरुस्ती काय केली. पट्टी कुणाच्या सांगण्यावरून काढली, एवढं लिहिलं नाही. अर्ज पिशवीत घातला आणि आधी अण्णांच्या घरी गेले.

ते ओट्यावर बसले होते. पाठीमागे दारात त्यांची बायको तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. पट्टी नव्हती म्हणून दिसलं नाही, भाच्यालाही दिसलं नाही, आता पट्टी परत आहे, उद्या येऊन बघा.

अण्णांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, घातला. "कुणी काढली म्हणलीस?"

"इंजिनिअरने."

"कुणाच्या सांगन्यावरून?"

मी पिशवीतला अर्ज चाचपला. ते ओट्याच्या कडेवर बोट फिरवत बसले. मग त्यांचं बोट थांबलं.

"काळी पट्टी," ते म्हणाले. "दसऱ्याची."

"तुम्हाला माहीत नव्हतं, अण्णा. कुणालाच—"

"हे सांगायला आलीस व्हय? कावून आलीस?" त्यांचा आवाज चढला. बायकोचे हात सुपात थांबले. "डोळे गेले म्हणून बसलो होतो. देवाची करणी म्हणून बसलो होतो. लई जड गेलं, पण बसलो होतो. आता काय म्हणून बसू? माज्या हातानं काढली म्हणून?"

"अर्ज लिहिलाय मी. त्यात तुमचं नाव कुठे—"

"फाड."

"अण्णा, खुर्ची परत मिळेल."

"अन् इंजिनेर गप बसंल? मॅनेजर गप बसंल? उद्या काट्यावर पोरं म्हणतील, अण्णा, अजून कोन्ती अपशकुनी वस्तू काढायची? त्यापरीस आंधळा बरा." ते उठले. "गावात कुणाला सांगू नको, ताई. डोळे गेले, हेच ऱ्हाऊ दे."

त्यांची बायको मला पोचवायला कोपऱ्यापर्यंत आली. वळताना म्हणाली, "रात्री उठून एकटं परसाकडं जातंय ते. दिव्याबिगर. डोळे गेले न्हाईत, मला वाटलंच होतं."

अर्ज मी फाडला नाही, दिलाही नाही. भाचा काट्यावर रुळला. चेअरमनने त्याचं सभेत कौतुक केलं, नव्या सिस्टीमवर हात बसला म्हणून.

परवा नारायणगडावर दर्शनाला गेले तेव्हा अण्णा भेटले. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढत होते. प्रत्येक पायरीवर आधी पाऊल टेकवून चाचपून बघत, मग वजन टाकत. मी समोरून उतरत होते. माझी जांभळी साडी त्यांना लांबूनच दिसली असणार, कारण मी पोचायच्या आधीच त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मी जवळून गेले तेव्हा ते बायकोला मोठ्याने विचारत होते, "कोण गेलं गं?"