गेरूची खूण

काम सुरू करण्याआधी तो खिशातून एक छोटी डबी काढायचा. चुन्याची असते तशी. तिच्यात गेरू असे. करंगळी पाण्यात बुडवायची, गेरूत फिरवायची आणि ज्या जुन्या डिस्कमधला माल हलवायचा तिच्यावर लाल टिकली ठेवायची. मग म्हणायचा, "मोजून निघायचं, मोजून पोचायचं."

कॉम्प्युटर दुरुस्त करणारे तुम्हीही पाहिले असतील. गेरू बाळगणारा मी तो एकच पाहिला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. माझ्यामुळे ते एकदा पुरेसं खराब झालं आहे.

मी उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेत मुख्य लिपिक होतो. तो देवगाव रंगारीचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. शहरात येऊन कॉम्प्युटर शिकला होता. आमच्या संस्थेच्या सगळ्या शाळांची मशीनं तोच बघायचा.

शाळेतल्या शिपाई मावशी त्याला सोडत नसत. "काय रे, कॉम्प्युटरला बी हळदीकुंकू का?"

"हळदीकुंकू नाय मावशी, गेरू हाय. कळपात दुसऱ्याची मेंढरं मिसळली तर आपलं कोणतं, हे खुणेनंच कळतं."

"मग ह्याला चारा काय घालतो?"

"लाईट! अन् ती तुमच्या शाळेत लई कमी भेटती."

एकदा एका बाईंनी स्वतःच्याच हातानं परीक्षेचे पेपर पुसून टाकले. माफी मात्र यानं मागितली. मी रागावलो. "चूक त्यांची, तू का वाकतोस?"

तो म्हणाला, "साहेब, मेंढरू हरवलं तर वाडग्याचं दार कुणी उघडं टाकलं ते नाय बघत कुणी. राखायला कोण होतं, तेवढंच बघत्यात."

मी हसलो होतो.

शाळेचा जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. विद्यार्थ्यांचं सगळं रजिस्टर त्यात होतं. दाखले त्यातूनच निघत. जुनी वह्यांची रजिस्टरं वाळवीनं खाल्लेली. नवं मशीन आलं, पण रजिस्टरचा प्रोग्राम फक्त त्या जुन्या विंडोजवरच चाले.

"तो एकटा नाय यायचा साहेब," तो म्हणाला. "जुनं विंडोज अख्खं उचलून नव्यात ठेवावं लागंल. बिऱ्हाडासकट."

त्या सकाळी त्यानं जुन्या मशीनमधल्या फायली मोजल्या आणि आकडा तळहातावर लिहिला. दोन्ही मशीनच्या डिस्क काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. जुनीला टिकली लावली. तेवढ्यात लाईट गेली. तो चहाला गेला आणि संस्थेचे अध्यक्ष नवं मशीन बघायला येताहेत असा निरोप आला.

मी टेबल पुसायला घेतलं. नीटनेटकेपणाची मला खोड. डिस्क उचलल्या, खालची धूळ पुसली आणि त्याच ओल्या फडक्यानं, सवयीनं, दोन्ही डिस्कही पुसल्या. फडकं लाल झालं तेव्हा कळलं.

"खूण माझ्या हातून पुसली गेली," एवढंच म्हणायचं होतं. मला ते जमलं नाही. निवृत्तीला दोन महिने होते आणि ज्या पोराला मी रोज शिस्त शिकवायचो, त्याच्यापुढे चूक कबूल करायची होती. 'रद्द'चा शिक्का मारायला लाल शाईचं पॅड असे. त्यात मी तर्जनी टेकवली आणि मला जुनी वाटली त्या डिस्कच्या पांढऱ्या चिठ्ठीवर ठेवली. वाटली, एवढंच. खात्री नव्हती.

तो आला, लाईट आली. खूण बघून त्यानं तारा जोडल्या. पडद्यावर दोन्ही डिस्कची नावं सारखीच दिसत होती. त्यानं आत उघडून बघायला हवं होतं, हे खरं. पुढची कित्येक वर्षं मी याच वाक्याला धरून जगलो.

"पोचलं बिऱ्हाड," तो म्हणाला आणि मोजायला बसला.

आकडा शून्य आला. कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरली होती. दोन्ही कोऱ्या.

त्यानं खूण असलेली डिस्क हातात घेतली. टिकलीवर अंगठा घासला. गेरू निघतो, हे निघालं नाही. नाकाशी नेली. मग माझ्या हाताकडे पाहिलं. मी हात टेबलाखाली घेतला.

अध्यक्ष दारातच होते. "कुणी केलं हे?"

तो माझ्याकडे बघत होता. मला बोलायला वेळ होता, हे मला सांगायचं आहे. भरपूर वेळ होता.

"राखायला मी होतो, साहेब," तो म्हणाला.

"चल, निघ. पुन्हा आमच्या एकाही शाळेत पाय टाकायचा नाही!"

डिस्कमधून काही परत निघतं का बघतो, म्हणून त्या दोन्ही त्यानं मागून घेतल्या. काही निघालं नाही. दाखल्यासाठी मुलं हेलपाटे घालत राहिली. अहवाल मी लिहिला. 'तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द माझ्या अक्षरात शाळेच्या फायलीत आहेत. ते खोटे आहेत. बाकीच्या शाळांपर्यंतही बातमी गेली. त्याला कुणी बोलावेना. वर्षाच्या आत तो गावी परतला. मला समारंभात शाल मिळाली.

शहराचं नावही आता बदललं. मला मात्र ते दोन शब्द बदलायला इतकी वर्षं लागली. गेल्या महिन्यात मी देवगावला गेलो. दारात त्याची बायको लोकर निवडत होती.

"दोन वर्षं झाली त्यांना जाऊन," ती म्हणाली. "परत मेंढरंच राखायचे. तुम्ही कोण?"

शाळेचं नाव सांगितलं. तिनं मला नीट पाहिलं. "क्लार्कसाहेब व्हय तुम्ही?" आत जाऊन तिनं फडक्यात बांधलेली एक डिस्क आणली. "म्हणायचे, क्लार्कसाहेब आले तर त्यांनाच द्यायची. दुसऱ्या कुणाला दाखवायची नाय."

पांढऱ्या चिठ्ठीवर लाल ठसा होता. बोटाची एकेक रेघ मोजता येईल इतका स्वच्छ. त्यानं तो कुणापुढेही धरला असता, तर मी सुटलो नसतो.

"लई कामाचं हाय का ह्याच्यात काही?"

"नाही. रिकामी आहे."

ती वाकून बघत होती. "ही खूण त्यांची नाय. ते गेरू लावायचे. ही कुणाची?"

मी तर्जनी त्या ठशाशेजारी ठेवली.