लाइन जोडून देणारी आत्या

आमच्या एक्सचेंज आत्याच्या हातात मोबाइल दिला की ती आधी त्याच्यावर तळहात ठेवायची, झोपलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग डोळे बारीक करून विचारायची, "हे कुणाला ठाऊक असंल?" याचं उत्तर मिळेपर्यंत एक अक्षर टाइप करायचं नाही, असा तिचा कायदा. त्या कायद्याचा घरातला अट्टल गुन्हेगार मी. माझं बोट आधी धावतं आणि डोकं मागून येतं. कधी कधी येतच नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची चुलत बहीण. उदगीरच्या टेलिफोन एक्सचेंजात तिची सगळी उमर गेली. नंबर ठाऊक नसलेली माणसं तिच्याकडे चौकशी करायची. "धंदा कशाचा? घराजवळ काय हाय?" असं विचारत विचारत ती बरोबर त्याच घरी घंटी वाजवायची. भालकी-बिदरच्या लाइनी जोडता जोडता कानडीही शिकली. पुढे रिटायर झाली, मोबाइल आला, पण तिचं काम काही बदललं नाही. आता आत्या नाही. मोबाइल आहे, आणि माझं बोट आहे.

एकदा बायको हदगावला लग्नाला गेली होती. परतीची शेवटची बस कधी, म्हणून मी नेटवर शोधायला बसलो. वेळापत्रकं ढीगभर निघाली, एकाचा एकाला मेळ नाही. आत्या नांदेडला आमच्याकडेच आलेली होती. तिने नकाशा उघडला, हदगावच्या बसस्टँडसमोरचं चहाचं हॉटेल हुडकलं आणि तिथे फोन लावला.

"दादा, नांदेडची शेवटची गाडी गेली का?"

"कशाची जाती बाई! डायवर हितं चहा पिऊन राहिलाय."

आत्याने फोन माझ्या हातात ठेवला. "गाडीचं टाइम चहावाल्याला ठाऊक असतंय. तू कागदाला विचारून राहिलास."

मिक्सरचं रबर फाटलं तेव्हा मी 'काळे गोल मऊ मधे भोक असलेले' असं लिहिलं आणि मोबाइलने मला निरनिराळ्या कंपन्यांचे टायर दाखवले. आत्याने त्या रबराचा फोटो काढला आणि तो फोटोच शोधायला टाकला. "तोंडानं सांगता येईना, ते दाखवावं. दुकानात असाच जातोस न्हवं, जुनं रबर हातात धरून?" पहिल्या ओळीत जाहिरात आली की ती बोटाने सारून पुढे जायची. "हे बोलवून राहिलंय. आपल्याला सांगणारा पाहिजे."

हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो. मग आईचं सुरू झालं.

आईला विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग देवाची वात, मग सुनेचं नाव. एकच नाव मात्र घट्ट राहिलं. सकाळी उठली की दाराकडे बघून विचारायची, "नीलम्मा आली का?" नीलम्मा तिची उदगीरची लहानपणची मैत्रीण. आईचं लग्न होऊन ती नांदेडला आली आणि गाठ सुटली ती सुटलीच. डॉक्टर म्हणाले, जे आठवतंय तेही फार दिवस राहील असं नाही. म्हणजे नीलम्मा शोधायची तर आईला ती आठवतेय तोवरच.

मी कामाला लागलो. इंग्रजीत नाव टाकलं, मराठीत टाकलं. फोटो टाकायच्या साइटवर भेटेल त्या नीलम्माला 'आपण माझ्या आईच्या मैत्रीण का?' असं विचारलं. त्यातली एक कॉलेजात शिकणारी निघाली, तिने मला ब्लॉक केलं. शेवटी त्या नव्या, गप्पा मारणाऱ्या यंत्राला विचारलं. त्याने उदगीरचा, गल्लीसकट पत्ता दिला. तशी गल्ली त्या गावात नव्हतीच.

आत्या उदगीरहून आली, तिला ते दाखवलं. "ह्याला न्हाई म्हणायची सवय न्हाई," ती म्हणाली. "असा माणूस आमच्या एक्सचेंजात असता, तर गावात घरोघरी भांडणं लागली असती."

मग ती आईजवळ बसली. "वैनी, नीलम्माच्या सासरी धंदा कशाचा?"

"भांड्याचा," आई लगेच म्हणाली. "भालकीला. म्हादेवाच्या देवळासमोर."

आम्ही आईला फक्त नाव आणि आडनाव विचारत आलो होतो.

आत्याने मोबाइलवर तळहात ठेवला, उचलला, नकाशा भालकीवर नेला आणि 'भांड्याचं दुकान' हे कानडीत लिहिलं. "दुकान कर्नाटकात. पाटी कानडीत. तू नांदेडातून मराठीत हाका मारून राहिलास, कोण वळून बघंल?" तीन-चार दुकानं आली. गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो ती एकेक करून बघत गेली. एकात पितळी घागरींच्या मागे, रस्त्यापलीकडे, देवळाच्या पायऱ्या दिसत होत्या.

तिने नंबर लावला. ती कानडीत बोलायला लागली आणि मी तिच्याकडे बघतच राहिलो. गुडघे धरून उठणारी बाई ताठ बसली होती, आवाज लख्ख झाला होता. पलीकडे कुणी 'अज्जी' अशी हाक मारली. बराच वेळ गेला. मग एक थकलेला आवाज आला. आत्याने मोबाइल आईच्या कानाला लावला.

"वैनी, बोला. लाइन लागली."

आई बोलायला लागली ती कानडीत. माझी आई! जन्मात तिच्या तोंडून मी कानडीचा एक शब्द ऐकला नव्हता. मी तोंड उघडं टाकून उभा, तर आत्याने बाही ओढली. "लाइन जोडली की ऐकायचं नसतं. चल."

आम्ही ओसरीवर बसलो. दार लोटलेलं, पण आईचं हसू बाहेर येत होतं, परकर-पोलक्यातल्या पोरीचं असावं तसं. मग ती हळू आवाजात काहीतरी सांगायला लागली. आत्या गुडघे धरून उठली. मीही उठायला लागलो.

"तू बस," ती म्हणाली. "तुला कुठं कळतंय? मला कळतं."

आणि ती फाटकापर्यंत गेली, आमच्याकडे पाठ करून भर उन्हात उभी राहिली, आईचं बोलणं संपेपर्यंत.