रिबनीचं फूल

बसथांब्यावर एक बाई लेकीची वेणी घालत होती. रिबनीचं टोक दातांत धरून तिने फूल बांधलं आणि मी चमकले. ही तर माझ्या आईची लकब!

"कुठे शिकलात हे?" मी विचारलं.

"शाळेत आमच्या बाई घालायच्या माझी वेणी. मागच्या वर्षी गेल्या. फार माया केली हो त्यांनी."

त्या माझी आई, हे मी सांगितलं नाही. सुट्टीत घरी भाच्या-पुतण्यांची वेणीसाठी रांग लागायची. माझी पाळी आली की आई म्हणायची, "तुझी तू घाल गं, तुला येते." सगळ्यांची आई पोटच्या पोरीच्या वाट्याला उरतेच किती?

बस आली. ती पोर माझ्यापुढेच चढत होती, फूल अगदी माझ्या हाताशी. देवाशपथ, ओढून सोडावंसं वाटलं.