मेसमधलं फिजिक्स

माझ्यावर कुणी विश्वासच ठेवत न्हाई! लातुरात मी क्लासच्या पोरींची मेस चालवते, वरच्या दोन खोल्या त्यांनाच राहायला दिल्यात. फिजिक्सच्या होमवर्कनं माझं घर हलवलं म्हणलं, की शेजारणी म्हणतात, "तुम्ही चौथी शिकलेल्या, तुम्हाला त्यातलं काय कळतंय?" खरकटी भांडी आणि हे किस्से, दोन्ही रोज साचतात. भांडी तरी घासून निघतात!

*

शिरूर अनंतपाळची संगीता. गणितात लिहिलं होतं, 'घर्षण नाही असे समजा.' तिला काही समजेना. म्हणून माझ्या पोळपाटाला तेल चोपडलं, त्यावर वाट्या घसरवून बघितल्या, आणि पुसायचं विसरली. सकाळी लाटायला घेतलं तर पोळी इकडं पळाली, लाटणं तिकडं!

"कुणी केलं गं हे?"

"मावशी, घर्षण घालवलं होतं."

"त्याच्यासंगं पोळ्याबी गेल्या. खा आता नुसता भात!"

*

तीच संगीता एकदा शिडीच्या गणितावर अडून बसली. भिंतीला शिडी, शिडीवर माणूस. किती वर चढला की शिडी घसरंल?

मी म्हणलं, "खाली धरायला कुणाला तरी उभं कर."

"गणितात दुसरा माणूस दिला न्हाई, मावशी."

"मग त्या मेल्याला चढवलाच कशाला!"

*

नसरीन अहमदपूरची, लई हुशार. तरी एकदा उत्तर आलं, चेंडू खाली पडायला वजा दोन सेकंद. लागली रडायला. "मावशी, हा फेकायच्या आधीच पडला!"

"आपल्या नळाचं पाणीबी यायच्या आधीच जातंय. कुणी रडतं का?"

तिची खरी भीती वेगळीच होती. भूकंपात तिच्या मामूचं घर गेलेलं. अम्मीनं बजावून पाठवलं होतं, "जमीन जरा हलली की क्लास सोडून घरी यायचं." आणि पोरीला तर डॉक्टर व्हायचं होतं.

*

एका दुपारी नसरीननं माझ्या पाळण्याच्या कडीला दोरी बांधून कुलूप लटकवलं. होमवर्क लंबकाचं होतं. झोका दिला आणि घड्याळ आणायला वर गेली. तेवढ्यात तिचे अब्बा, हमीदभाई टेलर, भेटायला आले. भूकंपापासून आमच्याकडं सवयच हाय, खोलीत शिरलं की नजर आधी टांगलेल्या वस्तूवर. कुलूप हलत होतं, आणि जवळ कुणीच न्हाई!

"भूकंप! भागो!"

अख्खी गल्ली रस्त्यावर! शेजारचे शिंदे मास्तर अंगाला साबण लावलेले, तसेच टॉवेलात. मी ओरडत राहिले, "भूकंप न्हाई, फिजिक्स हाय!" कोण ऐकतंय? हमीदभाई म्हणाले, "नसरीन, सामान बांध. घरी चल."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी हमीदभाईंना बाही धरून आत ओढलं. नसरीननं कुलूप थांबवलं, परत सोडलं. कुलूप हलायला लागलं. हमीदभाई मटकन खाली बसले.

"या अल्ला! इतकंच?" मग हसायलाच लागले. "रह बेटा, इधरइच रह, डॉक्टर बन. मगर भाभी, बाहर मेरा नाम मत लेना!"

बाहेर मास्तर साबणासकट गरजत होते, "आधी कोण ओरडलं? नाव सांगा!"

मी आत बघितलं. आमचे मालक खाटेवर घोरत पडलेले. गल्ली पळाली तरी यांनी कूस बदलली नव्हती. लग्नापासून यांचं नाव मी उखाण्याबिगर कधी तोंडातून काढलं न्हाई. त्या दिवशी दारात उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं काढलं,

"बापूराव!"