दुसऱ्या बाईची कळ

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी जेवताना वाचते आणि मोठ्याने हसते, हे आधीच सांगून टाकते. विहिरीवरची बाई, हायवेवर लिफ्ट मागणारी बाई... भुतांमध्येसुद्धा कामाला बायकाच, हे माझं जुनं निरीक्षण. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही. माझा धंदाच मोजण्याचा आहे. तेव्हा कृपा करून खाली 'ताई, तुम्ही दमला असाल' अशा कमेंट टाकू नका. दमले होते, पण इतकी नाही!

मी फिजिओथेरपिस्ट. पनवेलमधल्या एका हॉस्पिटलच्या बाळंतपण विभागात रिसर्च करते. विषय — बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कसे सावरतात. सोप्या भाषेत सांगायचं तर, मूल झाल्यावर खोकताना, शिंकताना थेंब थेंब लघवी होते ना, ते. कितीतरी जणींना होतं, आणि 'मूल झालं की व्हायचंच' म्हणून सगळ्या मूग गिळून बसतात. मला त्या गप्प बसण्याचाच राग येतो, म्हणून हा विषय घेतला.

काम असं असतं — अंगठ्याएवढा सेन्सर योनीमार्गात ठेवायचा. बाईने स्नायू आवळले की लॅपटॉपवर रेघ वर चढते, सैल सोडले की खाली येते. हे स्नायू फार लवकर थकतात. दहा सेकंद आवळून धरायचं म्हटलं तरी बहुतेकींना जड जातं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हर्षला करंजा गावची, कोळ्याघरची सून. माशाची पाटी डोक्यावर घेतली की कपडे ओले व्हायचे, म्हणून माझ्याकडे आली होती. तिचं बाळंतपण अडलं होतं. घरी कळा देत राहिली, गाडी उशिरा मिळाली, आणि बाळ जन्मलं ते रडलंच नाही. या गोष्टीला वर्ष होत आलं होतं. ती कधी त्याबद्दल बोलायची नाही आणि मीही विचारायची नाही. यायची, मुकाट्याने व्यायाम शिकायची, जायची. सोबत सासू असायचीच.

त्या दिवशी सकाळीच त्या दोघी आल्या. सासू पडद्यापलीकडे स्टुलावर बसली. मी नेहमीसारखं चालू केलं. "आवळ... धर... सोड." दोन वेळा रेघ छान वर गेली, छान खाली आली. तिसऱ्यांदा वर गेली आणि वरच राहिली.

"हर्षला, सोड आता."

"सोरलंय, मॅडम. कवाच सोरलंय."

मशीनने दगा दिला असणार, दुसरं काय! मी वायर तपासली. झिरो करून पुन्हा चालू केलं. रेघ क्षणभर खाली आली आणि परत चढली. मी तिच्या पोटावर हात ठेवला, मांडीवर ठेवला. सगळं सैल. एकही स्नायू आवळलेला नव्हता आणि स्क्रीनवर मात्र जोर पार वरच्या टोकाला! असं होऊ शकत नाही हो. मी हजारदा ही रेघ पाहिलीय, ती अशी चिकटून बसत नाही.

हर्षलाच्या कपाळावर घाम आला. मी सेन्सर काढायला गेले तर तिने माझं मनगट धरलं.

"दुखतंय, मॅडम. पोर व्हताना दुखतं ना, तसं."

"कुठे दुखतंय? दाखव."

"मना नाय दुखत..." तिलाच ते नीट सांगता येईना. "ह्यो माजा दुखना नाय. दुसऱ्या बाईचा हाय."

मी म्हटलं, पॅनिक अटॅक. ज्या बाईचं बाळ गेलंय तिला या टेबलावर जुनं सगळं आठवू शकतं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. मी शिकवल्याप्रमाणे हळू आवाजात म्हटलं, श्वास घे, इथे तू सुरक्षित आहेस वगैरे. ती ऐकतच नव्हती. एकच धोशा. "कडी कारा... कडी कारा."

पडद्याआडून सासू ताडकन उठली. "मॅडम, कारा कडी! आमच्यात बाई अडली का घरान्च्या सगल्या गाठी सोरतान, कुलपां उघरतान. तवाच सुटका व्हते." आणि तिने स्वतःचा अंबाडाही भसकन सोडला.

आता मी विज्ञानवाली. पण पेशंट शांत होत असेल तर कडी काढायला माझं काय जातंय? दाराची कडी काढली. कपाट उघडलं, ड्रॉवर उघडले. कुणी पाहिलं असतं तर माझी डिग्री काढून घेतली असती.

"ही नाय!" हर्षला किंचाळली. "ही कडी नाय! निलं दार हाय... दारावं मासे चिकटवलेन. खालची कडी. वरची नाय, खालची! ती खाली परलीय, तिचा हात पोचत नाय!"

पण ते दार तर आमच्या घरचं!

मी पनवेलजवळ विचुंब्याला राहते, नव्या बिल्डिंगमध्ये. माझी धाकटी बहीण अश्विनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे आमच्याकडे आली होती. सातवा महिना सरत आला होता. रविवारी तिचं डोहाळजेवण होतं आणि फुलांच्या दागिन्यांची ऑर्डर द्यायला आई सकाळीच पनवेलच्या बाजारात गेली होती. अश्विनी घरात एकटी. आणि आमच्या बाथरूमचं प्लॅस्टिकचं दार निळं आहे. येणाऱ्या बाळाला आवडेल म्हणून अश्विनीने आदल्याच आठवड्यात त्यावर माशांचे स्टिकर चिकटवले होते. मी तिला चिडवलं होतं, "ते बाळ अजून वर्षभर दार बघणार नाही गं बये." दाराची वरची कडी बसत नाही म्हणून आम्ही खालची लावतो.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. मग शेजारच्या पाटीलकाकूंना लावला, त्यांच्याकडे आमची चावी असते.

"काकू, आत्ताच्या आत्ता आमचं दार उघडा. आधी बाथरूम बघा."

"अगं काय झालं? कुकर लावलाय मी..."

"काकू, पाया पडते तुमच्या!"

काकू फोन कानाला लावूनच गेल्या. चावीचा आवाज आला. "अश्विनी? ए अश्विनी?" मग काहीच नाही. मग काकूंचा वेगळाच आवाज. "अगं बाई गं... आतून कण्हतेय ही! दार लागलंय!" मी ओरडले, खालची कडी आहे, खालून लाथ मारा, कुणाला तरी बोलवा. समोरच्या फ्लॅटमध्ये रंगकाम चाललं होतं, तिथले रंगारी धावत आले. धाड... धाड... फोनमध्ये सगळं ऐकू येत होतं. इकडे माझं एक मनगट पुन्हा हर्षलाच्या मुठीत आणि स्क्रीनवरची रेघ वरच्या टोकाला ताठ.

"उघारलं," हर्षला म्हणाली.

आणि त्यानंतर — त्यानंतर! — फोनमध्ये कडाड्कन दार तुटल्याचा आवाज आला.

मी स्क्रीनकडे पाहिलं. रेघ तळाला येऊन आडवी झाली होती. हर्षलाने माझा हात सोडला आणि डोळे मिटून घेतले. मी घाईघाईने सेन्सर काढला आणि घराकडे धावत सुटले.

अश्विनीची वार, म्हणजे प्लॅसेंटा, बाळ जन्मण्याआधीच सुटायला लागली होती. अशा वेळी आतल्या आत रक्तस्राव होतो आणि गर्भाशय आवळलं की सैलच पडत नाही, लाकडासारखं घट्ट राहतं. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. रेघ वर गेली आणि वरच राहिली — ते मी समोर बघत होते आणि मशीनला शिव्या घालत होते. तिला आमच्याच हॉस्पिटलला आणून तातडीने सिझर केलं. ऑपरेशन करून बाहेर आलेल्या डॉक्टर माझ्या ओळखीच्या, कधी वाढवून न बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आई बाजारातून येईपर्यंत ती तशीच पडून राहिली असती तर दोघींपैकी कुणीच नसतं गं." मुलगी झाली. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. आता घरी आहे, आणि तिच्या आवाजाने पाटीलकाकूंचीही झोप उडालीय.

आता तुमचे प्रश्न. मी कधी हर्षलाला घराबद्दल बोलले होते का? पेशंटला घरचं सांगायचं नाही हा माझा नियम आहे, पण समजा बोलले. दाराचा रंग, मासे, कडी, सगळं बोलले असं धरून चालू. पण अश्विनी त्या क्षणी आत पडलीय, हे मी कुठून बोलणार? आणि हर्षलाचे स्नायू सैल असताना मशीनने मोजलं ते काय? माझ्या गाइड मॅडमनी रेकॉर्डिंग दोनदा पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "सेन्सरचा दोष म्हण आणि काढून टाक." मी काढून टाकलं. दुसरं काय लिहिणार होते मी थिसिसमध्ये?

बाळ घरी आल्यावर मी पेढे घेऊन करंज्याला गेले. हर्षला अंगणात दोरीवर बोंबील वाळत घालत होती. मला बघून तिने आधी विचारलं, "रडली का पोर?" मी म्हटलं, "रडली म्हणजे... थांबतच नाही." ती इतकं खुलून हसली की मला रडूच फुटलं. मी तिचे हात धरले. तुझ्यामुळे माझी बहीण आहे, भाची आहे, असं काय काय बोलत सुटले. सासूने पाणी आणलं, पेढा देवापुढे ठेवला.

हर्षलाने एक बोंबील उचलला, दोरीवर अडकवला, आणि तिथेच थांबली.

"मॅडम, येक इचारू?"

"विचार ना."

"माज्या टायमाला पन ह्यो दुखना कुनाला तरी गेला आसंल ना? कुठं तरी, कुन्या बाईला?" ती दोरीकडेच बघत होती. "मंग ती का नाय धावली?"

सासूने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. झाल्या प्रकाराचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, त्याची मला सवय होईल. पण हर्षलाला काय सांगायचं, ते कुणाला सुचत असेल तर खरंच लिहा.